पंच्याहत्तर सेंटिमीटरचं टेबल आणि भरून आलेले खांदे

आपल्याकडच्या बहुतेक टेबलांचा माथा जमिनीपासून ७५ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे अडीच फुटांवर असतो. ऑफिसातलं टेबल असो, घरातलं जेवणाचं असो, नाहीतर अभ्यासिकेतलं. टायपिंगसाठी ही उंची सहा फुटांच्या पुढच्या माणसाला बरी पडते. पाच फूट एक इंच उंचीची बाई पाय जमिनीला टेकवून खुर्चीत बसली, की तिची कोपरं जमिनीपासून साधारण ६० ते ६२ सेंटिमीटरवर येतात. टेबल त्याहून १३ ते १५ सेंटिमीटर वर. मग हात कीबोर्डवर ठेवायचे तर दोनच मार्ग उरतात: खांदे कानांकडे उचलायचे, किंवा कोपरं अंगापासून लांब फाकवायची. दोन्हींत मानेपासून खांद्यापर्यंत उतरणारा ट्रॅपेझियस हा स्नायू दिवसभर आवळलेला राहतो. संध्याकाळी ‘खांदे भरून आलेत’ म्हणत आपण नेमकी तीच जागा दाबतो, आणि दोष वयाला, उशीला नाहीतर एसीला देतो.

दिवसभर बसणाऱ्यांना सगळ्यात जास्त मिळणारा सल्ला म्हणजे ‘ताठ बसा’. तो अपुरा आहे. काटकोनात आठ तास ताठ बसणाऱ्याची पाठही दुखते, कारण ताठ राहायलाही स्नायू सतत काम करतात. शरीराला त्रास होतो तो मुख्यतः दोन गोष्टींनी. एक, आपल्या मापात नसलेल्या टेबल-खुर्चीमुळे स्नायूंवर येणारा न संपणारा ताण. आणि दुसरी, कुठल्याही एकाच स्थितीत फार वेळ राहणं, मग ती स्थिती कितीही ‘योग्य’ असो. पहिली गोष्ट मोजपट्टी घेऊन तासाभरात सुधारता येते. दुसरीसाठी सवय लावावी लागते.

पाठीच्या आत काय चालतं

दोन मणक्यांच्या मध्ये जी चकती असते, जिला आपण ‘गादी’ म्हणतो, तिच्यात मोठ्या माणसाच्या शरीरात जवळपास रक्तवाहिन्या नसतात. तिला लागणारं पाणी आणि पोषण वरच्या-खालच्या मणक्यांच्या हाडांतून झिरपत येतं. ती काम करते भिजलेल्या स्पंजासारखी: दाब पडला की पाणी बाहेर, दाब उतरला की पाणी आत. रात्री आडवं झाल्यावर गाद्या फुगतात आणि दिवसभरात दबतात. म्हणूनच सकाळची आपली उंची संध्याकाळपेक्षा एक ते दोन सेंटिमीटरने जास्त भरते. दाब कमी-जास्त होत राहणं ही गादीची गरज आहे. तीन तास न हललेल्या माणसाच्या गादीला हे मिळत नाही.

दुसरी गोष्ट खुब्याजवळ घडते. मांडी आणि धड यांच्यातला कोन जसजसा लहान होतो, तसतसा पेल्व्हिस, म्हणजे कमरेखालचा हाडांचा सांगाडा, मागे कलतो आणि कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो. अमेरिकी शल्यचिकित्सक कीगन यांनी १९५३ मध्ये एक्स-रे काढून हे दाखवलं होतं. खुर्चीत काटकोनात बसल्यावर कंबर आपोआप गोल होते ती याच कारणाने. त्यात आळस शोधू नये. मांडीचे मागचे स्नायू आखूड असतील आणि पाय पुढे लांब केलेले असतील, तर पेल्व्हिस आणखी मागे ओढला जातो.

कंबर गोल ठेवून बराच वेळ बसलं की मणक्यांना मागून बांधून ठेवणारे अस्थिबंध हळूहळू ताणून सैल पडतात. साधारण वीस मिनिटं पूर्ण वाकून बसल्यावर मोजलं, तर उठल्यानंतरच्या दोन मिनिटांत त्यांचा जवळपास निम्मा ताठपणा परत येतो. उरलेला यायला अर्धा तासही पुरत नाही. यातून एक फार उपयोगी सूचना मिळते. दोन तास वाकून बसल्यावर तडक उठून पाण्याचा जार उचलू नका, की वाकून गाडीच्या डिकीतलं सामान काढू नका. आधी दोन-तीन मिनिटं चाला. उसण भरण्याच्या कितीतरी घटना अशाच क्षणी घडतात आणि खापर मात्र त्या जारावर फुटतं.

बसल्यावर गादीवर उभं राहण्यापेक्षा जास्त दाब येतो, हे आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं. त्यामागे स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात सुरू केलेली मोजमापं आहेत. त्यांच्या आकड्यांत टेका न घेता बसल्यावरचा दाब उभ्यापेक्षा सुमारे ४० टक्के जास्त होता. पुढे जर्मनीतल्या उल्ममध्ये एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत संवेदक बसवून पुन्हा मोजणी झाली. ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे आकडे वेगळे निघाले: सैल उभं राहिल्यावर ०.५ मेगापास्कल, टेक्याशिवाय सैल बसल्यावर ०.४६, बसून पुढे पूर्ण वाकल्यावर ०.८३, आणि खुर्चीच्या पाठीला रेलून बसल्यावर सुमारे ०.३. पाठ गोल करून २० किलो वजन उचललं तेव्हा आकडा २.३ वर गेला. एकाच माणसावरची मोजणी आहे, तेव्हा आकडे घोकू नयेत. पण दोन्ही मोजण्यांत एका गोष्टीवर एकमत आहे: मागे रेलल्यावर दाब उतरतो, पुढे वाकल्यावर चढतो. म्हणजे खुर्चीत मागे रेलून काम करणं हे कामचुकारपणाचं लक्षण नाही. ज्या वरिष्ठांना ते तसं वाटतं, त्यांनी हे आकडे जरूर पाहावेत.

खांदे आणि मान

माणसाचा प्रत्येक हात त्याच्या वजनाच्या साधारण पाच टक्के असतो. साठ किलोच्या माणसाचे दोन्ही हात मिळून सहा किलो. हे वजन टेबलाने किंवा खुर्चीच्या हाताने पेललं तर ठीक. नाहीतर ते खांद्याच्या आणि मानेच्या स्नायूंना लटकलेलं असतं. स्नायू आवळलेला असला की त्यातला रक्तप्रवाह मंदावतो. ताण अगदी थोडा असला तरी स्नायूतले काही ठरावीक तंतूच सगळ्यात आधी कामाला लागतात आणि स्नायू पूर्ण सैल पडेपर्यंत तेच राबत राहतात. स्वीडिश संशोधक हेग यांनी १९९१ मध्ये ही मांडणी केली. जड काम न करताही खांदा का दुखतो, याचं पटण्यासारखं उत्तर त्यातून मिळतं. सहा तास हलकंच काम करायचं, पण एकदाही पूर्ण सैल सोडायचं नाही, असा प्रकार त्या तंतूंच्या वाट्याला येतो. म्हणून विश्रांती लांब असण्यापेक्षा वारंवार असणं महत्त्वाचं. दर दहा-पंधरा मिनिटांनी हात कीबोर्डवरून काढून मांडीवर टाका आणि एक लांब श्वास सोडा. दहा सेकंदही पुरतात.

मानेचा हिशेबही वजनाचाच. डोकं साधारण साडेचार ते साडेपाच किलोचं. ते खांद्यांच्या बरोबर वर असतं तेव्हा मानेवर तेवढंच वजन येतं. न्यूयॉर्कचे मणक्यांचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये गणिती प्रतिकृतीवरून काढलेल्या आकड्यांप्रमाणे मान १५ अंश खाली झुकली की हा भार सुमारे १२ किलो होतो, ३० अंशांना १८ आणि ६० अंशांना २७ किलो. मांडीवर मोबाइल ठेवून पाहताना मान बहुतेक वेळा त्या ६० अंशांच्या आसपास असते.

मोजपट्टी घ्या

खुर्ची लावायची सुरुवात खुर्चीपासून करू नका, कोपरापासून करा. नेहमीच्या चपला-बुटांसह पाय जमिनीवर सपाट टेकवून बसा. दंड अंगालगत सैल सोडा, कोपर काटकोनात वाकवा. आता कोपराच्या खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर दुसऱ्या कोणाला तरी मोजायला सांगा. स्वतः मोजायला वाकलात की माप चुकतं. समजा ते ६२ आलं. कीबोर्डची जाडी दोन सेंटिमीटर धरली तर तुमच्यासाठी टायपिंगच्या टेबलाची उंची ६० हवी. टेबल आहे ७५ चं.

टेबल कापता येत असेल तर पाय कापून घेणं हा उत्तम उपाय आहे. सुताराचं तासाभराचं काम. तेवढं शक्य नसेल तर टेबलाखाली सरकता कीबोर्ड ट्रे बसवून घ्या. तो माथ्यापासून आठ-दहा सेंटिमीटर खाली येतो. फक्त ट्रेखाली मांड्या अडत नाहीत ना ते आधी पाहा. तेही शक्य नसेल तर खुर्ची वर करायची. ऑफिसच्या गॅसच्या खुर्च्या बहुधा ५० ते ५२ सेंटिमीटरपर्यंत चढतात. कोपर कीबोर्डच्या पातळीला येईपर्यंत खुर्ची चढवा, मग पाय लोंबकळायला लागतील. इथेच बहुतेकजण हार मानतात आणि खुर्ची पुन्हा खाली घेतात. पाय लोंबकळले की सीटची पुढची कड मांडीच्या मागच्या भागाला दाबते, पायाला मुंग्या येतात, आणि माणूस नकळत पुढे सरकून सीटच्या काठावर बसतो. काठावर बसला की पाठीचा टेका सुटला. म्हणून जेवढी खुर्ची वर, तेवढीच उंची पायांखाली द्यायची. पाचशे कागदांचं ए-फोरचं एक बंद रीम साधारण पाच सेंटिमीटर जाड असतं; दोन रीम म्हणजे दहा. नेहमीची वीट आडवी ठेवली तर साडेसात. दोन विटांवर जेवायचा पाट ठेवला की पाय हलवायला ऐसपैस जागा मिळते, आणि ती गरजेची आहे, कारण एकाच जागी पाय खिळवून ठेवणारा पायटेका अर्ध्या तासात नकोसा होतो.

जेवणाच्या टेबलाची खुर्ची वरखाली होत नाही. तिच्यावर बसायला स्पंजाची जाड गादी घेऊ नका. पाच सेंटिमीटरची गादी बसल्यावर निम्मी होते आणि तिच्यात बसण्याची हाडं रुततात. त्याऐवजी सतरंजी किंवा जुनी गोधडी घट्ट घडी घालून ठेवा. ती दबत नाही, हवी तेवढी उंची देते, आणि मागच्या बाजूला एक घडी जास्त घातली तर सीटला पुढे हलका उतार मिळून पेल्व्हिस मागे कलणंही कमी होतं.

उंची जमली की पाठीचा टेका. पूर्ण मागे सरकून बसा. गुडघ्याची खोबण आणि सीटची कड यांत दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. मावत नसतील तर सीट तुमच्यासाठी खोल आहे. मग पाठीमागे उशी लावून स्वतःला पुढे आणायचं. कमरेचा टेका पट्ट्याच्या, म्हणजे बेल्टच्या, पातळीला किंवा त्याच्या किंचित वर यायला हवा. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच कमरेच्या उशा लोक फार वर लावतात. मग त्या पाठीच्या मधल्या भागाला पुढे ढकलतात आणि कंबर तशीच पोकळीत राहते. अंघोळीचा टॉवेल लांबीने गुंडाळून आठ-दहा सेंटिमीटर जाडीची गुंडाळी केली आणि दोन रबरबँड लावले, की चांगला टेका तयार होतो. तो टोचत असेल तर एक वेटोळा कमी करा. खुर्चीची पाठ १०० ते ११० अंशांवर ठेवा; सरळ काटकोनापेक्षा ते सोसायला सोपं जातं.

खुर्चीच्या हातांकडे कोणी लक्ष देत नाही, आणि गोंधळ बहुतेकदा तिथेच असतो. हात जर टेबलाच्या कडेला आपटत असतील तर खुर्ची आत जात नाही, माणूस लांब बसतो, आणि कीबोर्ड गाठायला पुढे झुकतो. पाठीमागे कितीही महागडा टेका असला तरी मग त्याचा उपयोग शून्य. अशा वेळी खुर्चीचे हात खाली करा. होत नसतील तर स्क्रू काढून ते सरळ काढूनच टाका आणि कोपराच्या पुढचा हात टेबलावर टेकवा. हात फार उंच असतील तर ते खांद्यांना वर ढकलतात, फार खाली असतील तर माणूस एका बाजूला कलून बसतो.

लॅपटॉप, माउस आणि चाळिशीचा चष्मा

लॅपटॉपची स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले आहेत, त्यामुळे कीबोर्ड योग्य उंचीवर आला की स्क्रीन खाली जाते, आणि स्क्रीन वर घेतली की हात हवेत. यातून सुटका एकच: वेगळा कीबोर्ड आणि माउस. वायरची साधी जोडी हजार रुपयांच्या आत मिळते. पाठीच्या दुखण्यावर होणाऱ्या सगळ्या खर्चांत एवढा फायदेशीर खर्च दुसरा नाही. मग लॅपटॉप पुस्तकांच्या गठ्ठ्यावर १५ ते २० सेंटिमीटर वर ठेवा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, आणि अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील एवढं, म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटर. अक्षरं वाचायला हनुवटी पुढे जात असेल तर स्क्रीन जवळ ओढण्याऐवजी अक्षरांचा आकार वाढवा.

चाळिशीनंतर हाच नियम उलटा फिरतो. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्म्यात जवळचं वाचायची काच खाली असते. स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत ठेवली की त्या काचेतून पाहायला माणूस हनुवटी वर करतो आणि मान मागे मोडून तासन्‌तास बसतो. कवटीच्या तळाशी, जिथे मान सुरू होते, तिथे दुखणं आणि दुपारनंतर डोकं धरणं हे याचं नेहमीचं लक्षण. स्क्रीन पाच ते आठ सेंटिमीटर खाली घ्या आणि तिचा माथा थोडा मागे झुकवा. दिवसाचे सहा-आठ तास स्क्रीनसमोरच जात असतील तर फक्त त्या अंतराच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घेणं जास्त सुखाचं. डोळे तपासताना आपलं स्क्रीनचं अंतर मोजून सांगा, नाहीतर नंबर पुस्तक वाचायच्या अंतराचा मिळतो.

फक्त उजवा खांदा दुखत असेल तर माउसकडे पाहा. पूर्ण कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांमुळे माउस आणखी नऊ-दहा सेंटिमीटर लांब जातो आणि हात सतत बाहेर फिरलेला राहतो. आकडे फारसे टाकायचे नसतील तर त्या बटणांशिवायचा कीबोर्ड घ्या. किंवा कीबोर्ड डावीकडे असा सरकवा, की त्यावरचं ‘एच’ हे बटण तुमच्या बेंबीसमोर येईल. बँकेत किंवा हिशेबाच्या कामात आकड्यांची बटणं लागतातच. त्यांनी माउस डाव्या हाताला द्यावा. पंधरा दिवस अडखळल्यासारखं होतं, नंतर बसतो हात.

अभ्यासिकेत बसणाऱ्यांसाठी

स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली प्लॅस्टिकच्या खुर्चीत दहा-दहा तास बसतात आणि त्यांच्यासमोर स्क्रीन नसते, सपाट टेबलावर ठेवलेलं पुस्तक असतं. सपाट पुस्तक वाचायला मान वाकवावीच लागते. जुने मुनीम उतरत्या मेजावर लिहीत, ते उगाच नव्हे. आज तोच उतार कागदपत्रांच्या जाड बॉक्स फाइलने मिळतो. तिचा कणा सात-आठ सेंटिमीटर जाड असतो आणि दुसरी बाजू निमुळती. जाड बाजू पुढे, आपल्यापासून दूर ठेवली की १२-१३ अंशांचा पक्का उतार तयार. लिहायला एवढा पुरतो. वाचायला मात्र पुस्तक आणखी उभं हवं, त्यासाठी पुस्तकाची लाकडी रेहल किंवा तारेचा स्टँड वापरावा. प्लॅस्टिकच्या खुर्चीला कमरेचा टेका नसतो, तिथे वर सांगितलेली टॉवेलची गुंडाळी घाला. आणि वाचनाचे काही तास उभ्याने करा: पाठांतर, उजळणी, चालू घडामोडींचं वाचन हे खिडकीच्या कट्ट्यावर पुस्तक ठेवून उभं राहून सहज होतं.

उठण्याचं गणित

कॉर्नेल विद्यापीठातले अ‍ॅलन हेज यांनी ऑफिसच्या कामासाठी सुचवलेलं वेळापत्रक असं: दर अर्ध्या तासात वीस मिनिटं बसून, आठ मिनिटं उभं राहून आणि दोन मिनिटं हालचाल. उभं राहून काम करायची सोय आपल्याकडे फार थोड्यांना असते. तरीही त्यातली ती दोन मिनिटं सोडू नका. फोन आला की उठायचं. पाण्याची एक लिटरची बाटली टेबलावर ठेवण्याऐवजी पाव लिटरचा ग्लास ठेवायचा, म्हणजे भरायला जावंच लागतं. मीटिंग ऐकायची असेल तर उभ्याने ऐका.

मात्र उठून, भिंतीला टेकून मोबाइल पाहणं ही विश्रांती नव्हे. मान त्याच दिशेला, पूर्वीपेक्षा जास्त वाकलेली असते. दिवसभर उभं राहणं हाही उपाय नाही. पोटऱ्या, टाचा आणि कंबर त्यानेही दुखतात, हे दुकानात आणि वर्गात उभं राहणाऱ्यांना सांगायला नको.

घरी जातानाचा प्रवासही याच हिशेबात धरा. लॅपटॉप, चार्जर, पाण्याची बाटली आणि डबा मिळून बॅग चार-पाच किलोंची होते. ती एका खांद्याला लटकवून दुचाकीवर खड्ड्यांतून तासभर गेलात, तर दिवसभर जपलेलं सगळं तिथे जातं. बॅग दोन्ही खांद्यांवर, पट्टे आखूड, म्हणजे ती कमरेखाली लोंबणार नाही. जमल्यास दुचाकीच्या पायाजवळच्या जागेत ठेवा.

थोडा पण रोजचा व्यायाम

टेबल-खुर्चीवर एवढं लिहिल्यावर हेही सांगायला हवं, की कंबरदुखी टाळण्यासाठी सगळ्यात भक्कम पुरावा व्यायामाच्या बाजूने आहे. २०१६ मध्ये अनेक चाचण्या एकत्र करून पाहिलं, तेव्हा व्यायाम आणि माहिती यांच्या जोडीने कंबरदुखीचा नवा झटका येण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. कमरेच्या पट्ट्यांचा आणि बुटांतल्या पॅडचा असा फायदा दिसला नाही.

खांद्यांसाठी डेन्मार्कमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी आवर्जून सांगण्यासारखी आहे. मान-खांदे दुखणाऱ्या १९८ जणांचे गट करून एका गटाला रबराच्या ट्यूबने दिवसाला फक्त दोन मिनिटांचा व्यायाम दिला, आठवड्याचे पाच दिवस, दहा आठवडे. दुसऱ्या गटाला बारा मिनिटांचा. दोन्ही गटांचं दुखणं व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा स्पष्ट कमी झालं. व्यायाम सोपा आहे. रबरी ट्यूब पायाखाली धरायची, टोकं दोन्ही हातांत. कोपरं किंचित वाकलेली. हात बाजूला, पण शरीराच्या थोडे पुढे ठेवून, खांद्याच्या पातळीपर्यंत उचलायचे, त्याच्या वर नाही. सावकाश वर, सावकाश खाली, न थांबता, दोन मिनिटं किंवा हात थकेपर्यंत. उचलताना खांदे कानांकडे जात असतील तर ट्यूब फार कडक आहे, सैल घ्या. ट्यूब नसेल तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या दोन बाटल्या घ्या.

कमरेसाठी दर तास-दीड तासाने उभं राहून, तळवे कमरेवर ठेवून, गुडघे न वाकवता मागे वाका, दहा वेळा. दुखणं पायात उतरत असेल तर दिशेकडे लक्ष ठेवा: मागे वाकल्यावर पायातलं दुखणं वर सरकून कमरेत गोळा होत असेल तर चांगलं लक्षण; ते पायात आणखी खाली जात असेल तर हा व्यायाम थांबवा. वय झालेल्या ज्या लोकांचे पाय चालताना भरून येतात आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर बरं वाटतं, त्यांनी मागे वाकू नये.

घरी रांगण्याच्या स्थितीत उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे लांब करून आठ-दहा सेकंद थांबा, मग बाजू बदला. कंबर खाली झुकली किंवा खुबा वर फिरला तर पाय कमी उचला. दोन्ही बाजूंना सहा वेळा, थोडं थांबून चार, मग दोन. याला जोडून रोज अर्धा तास चालणं.

सकाळी उठल्याउठल्या पुढे वाकण्याचे व्यायाम मात्र कंबर दुखणाऱ्यांनी पुढे ढकलावेत. वाकल्यावर मणक्यांमधल्या, रात्रभर फुगलेल्या गादीवर जास्त ताण येतो, आणि दिवसभरात जी उंची कमी होते तिचा मोठा वाटा पहिल्या तासातच जातो. पहाटेच्या सूर्यनमस्कारांना, वाकून लादी पुसण्याला आणि पाण्याचा हंडा उचलण्याला हेच लागू. आधी तासभर उभ्याने वावरा, मग वाका.

एमआरआयचा कागद आणि कमरेचा पट्टा

‘मणक्यात गॅप आलाय’, ‘गादी सरकलीय’ हे शब्द ऐकून माणूस धास्तावतो आणि हालचाल बंद करतो. काहीही दुखत नसलेल्या ३,११० लोकांची स्कॅनिंगची माहिती २०१५ मध्ये एकत्र करून पाहिली, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांच्या गाद्या जागेवरून बाहेरच्या बाजूला फुगलेल्याही होत्या. त्यांना त्रास काहीच नव्हता. तेव्हा अहवालातला शब्द आणि आपलं दुखणं यांचा संबंध आहे की नाही, हे तपासणाऱ्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. कागद वाचून आयुष्यभराचं वाकणं सोडू नका.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकाळच्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत कमरेचे पट्टे आणि मणके ताणणारं ट्रॅक्शन नेहमीच्या उपचारात वापरू नये असं म्हटलं आहे. शेकाने बरं वाटत असेल तर खुशाल शेका.

केव्हा थांबायचं नाही

बसण्यामुळे येणारं दुखणं हालचालीने कमी होतं आणि सुट्टीच्या दिवशी हलकं असतं. पुढच्या गोष्टी तशा नाहीत. कंबरदुखीबरोबर लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचाचं भान जाणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, दोन्ही पायांतली ताकद जाणं: त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा, इथे काही तासांचा उशीरही कायमचं नुकसान करू शकतो. चालताना पाऊल फरफटत असेल, चप्पल पायातून निसटत असेल, तर नसेवर दाब आहे, लगेच दाखवा. कित्येक आठवडे न हटणारी, रात्री जागं करणारी पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप आणि घटणारं वजन ही मणक्याच्या क्षयरोगाची लक्षणं असू शकतात. आपल्या देशात ही शक्यता बाजूला सारून चालत नाही. छातीत जडपणा आणि घामासह खांदा किंवा डावा हात दुखला तर टेबलाची उंची मोजत बसू नका, ईसीजी काढा.

आणि खांद्याचं एक दुखणं असं आहे, की त्याला बसण्याचं दुखणं समजून महिनोन्‌महिने मालिश केली जाते: फ्रोझन शोल्डर. ते बहुधा चाळिशी ते साठीत होतं आणि मधुमेह असलेल्यांत त्याचं प्रमाण जास्त असतं. ओळखायची खूण साधी आहे. कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात वाकवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला फिरवा. दोन्ही हातांची तुलना करा. दुखरा हात खूपच कमी फिरत असेल, आणि दुसऱ्या कोणी फिरवून पाहिला तरी तिथेच अडत असेल, वेणी घालायला किंवा पाठीमागे हात न्यायला जमत नसेल, तर खुर्ची बदलून उपयोग नाही. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि रक्तातली साखर गेल्या वर्षभरात तपासली नसेल तर तीही त्याच वेळी तपासून घ्या.